गाभ्यातली जागा

दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात, मधे दोन काचांच्या सेलमध्ये भरलेला नेमॅटिक द्रवस्फटिक, आणि मायक्रोस्कोपच्या राखाडी-पिवळ्या उजेडात केसाएवढी एक काळी रेघ. रेघेच्या आजूबाजूला धुळीचा एक कण भटकतो आहे. जरा डावीकडे सरकतो, थबकतो, उगाच मागे फिरतो. मग कधीतरी तो रेघेच्या जवळ येतो आणि त्याची चालच बदलते. भटकणं संपतं, तो सरळ रेघेकडे ओढला जातो, तिच्यावर बसतो आणि तिथून हलत नाही. स्टेजला टिचकी मारली तर रेघ वाकते, कण तिच्याबरोबर वाकतो. रेघेच्या लांबीवर तो पुढेमागे घसरेल, पण बाजूला उतरणार नाही. द्रवस्फटिकांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलेलं असतं, आणि बहुतेकांनी 'धूळ आलीय, सेल पुन्हा भरा' म्हणून सोडूनही दिलेलं असतं. १९७१ साली फ्रान्समध्ये क्लादिस, क्लेमां आणि पिएरान्स्की यांनी मात्र मुद्दाम बारीक कण घालून अशा रेघा उठावदार करून दाखवल्या. तेव्हा कण हे रेघ बघायचं साधन होतं. आज प्रश्न उलटा झालाय, रेघ वापरून कण रचायचे आहेत. या उलटण्यात जे नवे त्रास आले त्यांच्याबद्दल कौतुकाच्या लेखांतून फारच कमी लिहिलं जातं.

रेघ म्हणजे काय, तर रेणूंच्या दिशेची गाठ. नेमॅटिक द्रवस्फटिक द्रवासारखा वाहतो, पण त्यातले काडीसारखे रेणू साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, पण ही दिशा जागोजागी सावकाश वळू शकते. वळता वळता काही ठिकाणी दिशा जुळवणंच अशक्य होतं. डोक्यावरचे केस कसेही विंचरले तरी भोवरा राहतोच, तसं. त्या भोवऱ्याच्या मध्यावर रेणूंना कुठली दिशा घ्यावी ते ठरवता येत नाही, म्हणून तिथला साधारण दहा नॅनोमीटर जाडीचा गाभा जवळपास वितळून साध्या द्रवासारखा होतो. फ्रँक यांनी १९५८ मध्ये अशा दोषरेषांचा सिद्धांत नीट मांडला. कामाला घ्यायचा पदार्थ बहुधा ५सीबी असतो, कारण तो खोलीच्या तापमानाला नेमॅटिक असतो: सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअस. अर्थात खोली कुठली त्यावर ते अवलंबून आहे. मे महिन्यात नागपूरच्या बिनएसीच्या खोलीत ५सीबीची बाटली गढूळ दिसणारच नाही, ती स्वच्छ पाण्यासारखी होऊन बसलेली असेल. नागपूरचं नाव निघालंच आहे तर एक आडवळण. ज्यांनी १९७७ मध्ये सदाशिव आणि सुरेश यांच्याबरोबर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून दिले, ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. पुढे १९८६ मध्ये त्यांनी रंगनाथ यांच्याबरोबर द्रवस्फटिकांतल्या दोषांची रचना आणि ऊर्जा यांवर जो दीर्घ आढावा लिहिला, तो आजही या विषयात शिरणाऱ्याच्या हाती द्यावा असा आहे. कणांची गर्दी व्हायच्या आधीचा असल्यामुळे त्यात दोषांकडे निवांतपणे पाहिलेलं आहे.

कण रेघेवर का बसतो, याचं उत्तर 'आकर्षण' या शब्दात दडपून टाकलं की पुढचं काहीच कळत नाही. हिशेब करावा. नेमॅटिकचा लवचिकपणाचा स्थिरांक सुमारे दहा पिकोन्यूटन. रेघेचा दर एकक लांबीचा खर्चही त्याच घरातला, म्हणजे गाभ्याच्या एका नॅनोमीटरला दहा पिकोन्यूटन-नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला रेणूंची धडपड, म्हणजे औष्णिक ऊर्जा, सुमारे चार पिकोन्यूटन-नॅनोमीटर. गाभ्याचा एक नॅनोमीटर राखायला औष्णिक ऊर्जेच्या अडीचपट मोजावं लागतं. दहा नॅनोमीटरचा सोन्याचा कण गाभ्यात जाऊन बसला की तेवढ्या लांबीचा वितळलेला भाग राहतच नाही, त्याच्या जागी सोनं असतं. वाचलेला खर्च पंचवीसपटीच्या आसपास. एवढ्या खोल खड्ड्यातून कण सहसा बाहेर पडत नाही. कण दोन नॅनोमीटरचा असेल तर बचत पाचपटच, आणि तो बसतो, उठतो, पुन्हा बसतो. हे ढोबळ आकडे आहेत, प्रत्यक्षात गाभा पुरता भरत नाही आणि बचत कमीच पडते. पण कणाचा व्यास निवडताना एवढा हिशेब पुरेसा असतो: पाच नॅनोमीटरच्या खाली गेलात तर रेघेवर कण सापडतील, पण टिकून राहतीलच असं नाही.

मोठ्या कणांचं वागणं वेगळंच असतं, आणि इथेच वाचणाऱ्याची फसगत होते. १९९७ मध्ये पुलाँ, स्टार्क, लुबेन्स्की आणि वाइट्झ यांनी नेमॅटिकच्या थेंबात पाण्याचे मायक्रॉन आकाराचे थेंब सोडले. प्रत्येक थेंबाशेजारी एक बिंदूदोष आपसूक तयार झाला, थेंब रांगेत उभे राहिले आणि मधल्या दोषामुळे ते एकमेकांत मिसळलेही नाहीत. २००६ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाच्या मुशेविच आणि सहकाऱ्यांनी अशाच मायक्रॉनच्या गोळ्या लेसरच्या चिमट्यानं उचलून दोन मितींची स्फटिकासारखी जाळी उभी केली. २०११ मध्ये तिथूनच, पीळदार नेमॅटिकमधल्या गोळ्यांभोवतीच्या दोषरेषांची गाठ मारून आणि सोडून दाखवणारं काम आलं. चित्रं विलक्षण सुंदर आहेत. ती पाहून जो तो म्हणतो की आता हेच नॅनोकणांवर करू. ते होत नाही. कणाच्या पृष्ठभागाची रेणूंवर जी पकड असते ती आणि द्रवस्फटिकाचा ताठरपणा यांचं गुणोत्तर घेतलं तर एक लांबी मिळते. पकड चांगली जोरकस असली तरी ती शंभर नॅनोमीटरच्या घरात जाते, ढिली असली तर एक मायक्रॉन. त्याहून लहान कणाभोवती रेणू वाकायची तसदीच घेत नाहीत. ताठ रांग कणाला ओलांडून सरळ पुढे जाते.

मोठी गोळी आपला दोष स्वतः घेऊन येते, दहा नॅनोमीटरच्या कणाला तो तयार मिळावा लागतो.

म्हणून सगळं काम रेघा हव्या तिथं पाडण्याचं आणि पाडल्यावर टिकवण्याचं. सर्वांत सोपी पद्धत पिळाच्या सेलची. काचा साबणाच्या पाण्यात आणि मग आयसोप्रोपॅनॉलमध्ये सॉनिकेट करून (ध्वनिलहरींनी घुसळून) वाळवायच्या. गरम पाण्यात विरघळवलेलं एक टक्का पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) काच गरगर फिरवून, म्हणजे स्पिन करून, त्याचा पातळ थर द्यायचा, शंभर-एकशेवीस अंशांवर तासभर भाजायचा. मग मखमल गुंडाळलेल्या ठोकळ्यानं एकाच दिशेला घासायचं, मागेपुढे नाही; रेणू घासणीच्या दिशेनं पडतात. घासताना काच भारित होते आणि खोलीतली धूळ ओढून घेते, त्यामुळे आयनवाला ब्लोअर नसेल तर पावसाळ्याचे दमट दिवस या एका कामाला बरे. दोन काचा घासणीच्या दिशा काटकोनात ठेवून, दहा मायक्रॉनचे स्पेसर (काचांमधलं अंतर राखणारे) घालून एपॉक्सीनं चिकटवायच्या. एपॉक्सी पूर्ण वाळू द्यायची, अर्धवट ओली राहिली तर तिच्यातलं काहीबाही द्रवस्फटिकात उतरतं आणि कडेपासून संक्रमणाचं, म्हणजे नेमॅटिकचा साधा द्रव होण्याचं, तापमान घसरायला लागतं. सेल भरायचा तो ४५ अंशांवर, साध्या द्रवाच्या अवस्थेत. थंड नेमॅटिक केशाकर्षणानं भरला तर प्रवाहाची दिशा त्यात उमटून राहते. निवल्यावर काही भागांत डावा पीळ बसतो, काही भागांत उजवा, आणि दोघांच्या सीमेवर दोषरेषा. इथली मेख कोनाची. काटकोनाऐवजी ८५ अंश झाले तर एका बाजूचा पीळ ८५चा आणि दुसऱ्याचा ९५चा होतो. स्वस्त पीळ महागाला ढकलत सुटतो आणि रेघ सेलच्या कडेला जाऊन नाहीशी होते. कोन अचूक असला तरी रेघेला ताण असतोच. बंद वेटोळी आक्रसून मरतात. शिल्लक राहतात त्या दोन्ही टोकांना स्पेसरवर किंवा कडेवर अडकलेल्या.

जास्त भरवशाचा उपाय पाचरीचा. ५सीबीमध्ये पीळ देणारं सीबी१५ सुमारे तीन टक्के घातलं की पिळाची लांबी पाच मायक्रॉनच्या आसपास येते. सेलच्या एका टोकाला स्पेसर नाही, दीड सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या टोकाला पन्नास मायक्रॉनचा मायलर (प्लॅस्टिकची पातळ पट्टी). जाडी वाढत जाते तसं दर अर्ध्या पिळाला, म्हणजे अडीच मायक्रॉनला, एक जादा अर्धा पीळ बसवावा लागतो आणि तिथं रेघ येते. दोन रेघांत पाऊण मिलिमीटर अंतर. भिंगानंही मोजता येतात. या रेघा कुठे पळून जात नाहीत, कारण त्यांची जागा जाडीनं ठरवलेली आहे. फक्त जाड टोकाकडे जाताना रेघा दुहेरी होऊ लागतात, एकदम पूर्ण पिळाच्या. त्या रुंद, मऊ दिसतात आणि त्यांच्या मध्यावर गाभा वितळलेला नसतो. कणांच्या दृष्टीनं तिथं वाचवण्यासारखं काही फारसं नाही. पातळ टोकाकडच्या बारीक, कोरीव रेघांवरच लक्ष ठेवावं.

आता कण. सोन्याच्या कणांवर डोडेकेनथायॉलचं आवरण असतं, ते टोल्यूनमध्ये छान पसरतात आणि द्रवस्फटिकात नाखुशीनं. टोल्यूनमधलं मिश्रण ५सीबीत घालून साध्या द्रवाच्या अवस्थेत सॉनिकेट करायचं, मग उघड्या कुपीत गरम ठेवून टोल्यून उडवायचं. टोल्यून गेलं का, हे वासावरून ठरवू नये. मायक्रोस्कोपखाली संक्रमणाचं तापमान बघावं. शुद्ध ५सीबीपेक्षा दोन अंश कमी आणि दोन्ही अवस्था एकत्र दिसणारी पट्टी रुंद असेल, तर टोल्यून अजून आत आहे. (कणांमुळेही ते थोडं घसरतं, म्हणून त्याच कुपीतून तासाभरानं पुन्हा नमुना घ्यावा. आकडा अजून वर सरकत असेल तर दोषी टोल्यूनच.) खरा गोंधळ पुढे, निवताना होतो. नेमॅटिकची बेटं उगवतात आणि कणांना बाहेर, उरलेल्या साध्या द्रवात ढकलतात. सावकाश निववलं तर शेवटच्या आटत्या डबक्यांत सगळे कण कोंडले जातात आणि तिथंच त्यांचा गोळा होतो. माणिकासारखा लाल रंग जांभळट, मग निळसर-करडा झाला की समजावं, आवरणं एकमेकांत गुंतली. पुन्हा तापवून तो गोळा सहसा सुटत नाही. झटकन निववलं तर गोळे लहान राहतात, पण सेलभर नको त्या रेघांचं जाळं माजतं. मधला मार्ग म्हणजे संक्रमणाची पट्टी काही सेकंदांत ओलांडायची आणि मग नेमॅटिकच्या पट्टीच्या वरच्या टोकाशी, ३४ अंशांच्या आसपास, थांबून राहायचं. थांबायचं किती तेही काढता येतं. दहा नॅनोमीटरचा कण ५सीबीच्या दाटपणात स्वतःच्या भटकण्यानं दहा मायक्रॉन जायला मिनिट-दीड मिनिट घेतो, आणि शंभर मायक्रॉन जायला त्याच्या शंभरपट, म्हणजे पावणेदोन ते अडीच तास. पाऊण मिलिमीटर अंतरावरच्या रेघांच्या मधोमध अडकलेला कण त्या दिवशी तरी रेघेवर पोचत नाही.

पण या सगळ्याहून मोठी चूक वजनकाट्यावर झालेली असते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रेघेवर जागा किती? एक मिलिमीटर लांबीत दहा नॅनोमीटरचे कण खेटून बसवले तरी एक लाख. सोन्याचा असा एक कण दहाचा उणे सतरावा घात इतक्या ग्रॅमचा. म्हणजे मिलिमीटरभर रेघेला एक पिकोग्रॅम सोनं पुरतं. एक सेंटिमीटर रुंदीच्या पाचरीत वीस रेघा धरल्या तर एकूण वीस सेंटिमीटर लांबी झाली, तिच्यात ०.२ नॅनोग्रॅम सोनं मावतं. त्या सेलमध्ये द्रवस्फटिक साधारण पावणेचार मिलिग्रॅम. सवयीनं ०.१ टक्का कण घातले, तर आत जवळपास चार मायक्रोग्रॅम सोनं आहे आणि जागा त्याच्या वीस हजाराव्या हिश्शाला. उरलेलं सगळं कुठे जाणार? गोळे होणार, काचेवर चिकटणार, आणि मग निष्कर्ष निघणार की दोषरेषा कण रचत नाहीत. रेघांनी त्यांचं काम चोख केलेलं असतं, फक्त ते गर्दीत दिसत नाही. कण कमी करत गेलं तर रेघ भरते, पण ०.२ नॅनोग्रॅम सोन्याचं शोषण मोजायला कुठलं यंत्र वापरणार? पाचर शिकायला उत्तम आहे, वस्तू बनवायला तिचा उपयोग नाही, असं माझं मत.

वस्तू बनवायची तर कमी जागेत पुष्कळ रेघ हवी, आणि ती स्मेक्टिकमध्ये मिळते. इथले रेणू नुसते एका दिशेला बघत नाहीत, थरांत बसतात. थर वाकतील, पण त्यांच्यातलं अंतर बदलू देणार नाहीत. हे थर आहेत हेच मुळात दोषांवरून कळलं. फ्रीडेल आणि ग्रँजाँ यांना मायक्रोस्कोपखाली लंबवर्तुळं आणि अपास्त यांच्या जोड्या दिसल्या आणि फ्रीडेल यांनी केवळ त्या वक्रांच्या भूमितीवरून थरांचं अनुमान १९२२ मध्ये मांडलं. आता ५सीबीचा भाऊबंद ८सीबी घ्यायचा, जो साधारण २१.५ ते ३३.५ अंशांत स्मेक्टिक असतो (एप्रिलमधल्या पुण्यातही एसी लावावाच लागेल). टोल्यूनमधलं द्रावण घासलेल्या पीव्हीएवर पसरून एक-दोनशे नॅनोमीटरची पापुद्र्यासारखी फिल्म करायची. वर झाकण नाही, उघडी हवा. हवेच्या बाजूला रेणू उभे राहतात, पीव्हीएवर ते घासणीच्या दिशेनं आडवे पडतात, आणि बिचाऱ्या थरांना एवढ्याशा जाडीत काटकोनातून वळावं लागतं. ते चपट्या अर्धनळ्यांसारखे वळतात. नळ्या घासणीला आडव्या, एकमेकींना समांतर, एकेक अर्धा ते एक मायक्रॉन रुंदीची. वळण नीट साधत नाही तिथं थर तुटतात आणि त्या तुटीच्या रेषाही नळ्यांना समांतरच धावतात. अंतर ०.७ मायक्रॉन आणि दर नळीमागे एकच रेषा धरली, तरी एका चौरस सेंटिमीटरात चौदा हजार रेषा येतात. एकत्र जोडल्या तर एकशे चाळीस मीटर लांब. पाचरीतले वीस सेंटिमीटर आठवून बघा. तोच हिशेब पुन्हा केला तर वीस मायक्रोग्रॅमच्या या फिल्ममध्ये पाऊण टक्क्यापर्यंत सोनं रेषांत मावतं, आणि तेवढं सोनं मोजता येतं.

पॅरिसमधल्या लाकाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नेमक्या अशाच फिल्ममध्ये सोन्याच्या गोल कणांच्या साखळ्या दाखवल्या आणि २०१७ मध्ये सोन्याच्या कांड्या रेषांत एकामागे एक ओवल्या. इतके लहान कण साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, म्हणून पुरावा उजेडातून घ्यायचा. सुटा सोन्याचा कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास उजेड शोषतो. कण साखळीत जवळजवळ आले की साखळीच्या दिशेनं ध्रुवित केलेल्या उजेडात ते शोषण तांबड्याकडे सरकतं, आडव्या दिशेनं सरकत नाही. पोलरायझर नव्वद अंश फिरवल्यावर वर्णपट बदलला तर साखळी आहे. दोन्ही दिशांना सारखाच तांबड्याकडे गेला असेल तर गोळे आहेत, फिल्म टाकून द्या. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मागण्याआधी ती केलीच पाहिजे. फिल्म जाड झाली तर नळ्या रुंदावतात आणि रेषा विरळ होतात, फार पातळ झाली तर ती फाटून थेंब पडतात. त्यामुळे स्पिनच्या वेगापेक्षा द्रावणाच्या तीव्रतेशी खेळणं सोयीचं.

दोष आणि कण यांचा व्यवहार एकतर्फी नसतो, हे निळ्या प्रावस्थांमध्ये (पीळदार द्रवस्फटिकाच्या, साधा द्रव होण्याच्या जरा आधीच्या अवस्था) सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथं दोषरेषांचं त्रिमितीय जाळं हीच मूळ रचना असते आणि ती एरवी जेमतेम अंशभर तापमानात टिकते. सोन्याचे किंवा कॅडमियम सेलेनाइडचे कण त्या जाळ्यात शिरले की जाळ्याचा खर्च उतरतो आणि पट्टी रुंदावते. कणांना जागा मिळते आणि जागेलाही कणांचा आधार होतो. रेणूही या खेळात येतात. ॲबट, द पाब्लो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये साबणासारखे द्विस्वभावी रेणू दोषरेषेच्या गाभ्यात एका ठरावीक तीव्रतेनंतर एकदम गोळा होतात हे दाखवलं. एकट्या रेणूची बचत क्षुल्लक असते, ते जमतात ते एकमेकांच्या भरवशावर.

साखळ्या झाल्या, पुढे काय? द्रवस्फटिक धुऊन काढावा आणि सोनं तेवढं काचेवर ठेवावं, ही पहिली कल्पना सुचते आणि ती फसते. द्रव सुकताना त्याचा मागे हटणारा काठ कणांना ओढत नेतो, आणि ती ओढ दोषाच्या पकडीहून कितीतरी मोठी असते. साखळीच्या जागी कॉफीच्या डागासारखी कड उरते. म्हणून आतच गोठवायचं. आरएम२५७ सारखा, स्वतः द्रवस्फटिकासारखा वागणारा मोनोमर काही टक्के, त्यात थोडा फोटोइनिशिएटर (उजेड पडताच मोनोमरची जोडणी सुरू करणारा), कण बसून झाल्यावर ३६५ नॅनोमीटरचा सौम्य अतिनील प्रकाश. दिवा जवळ धरला तर फिल्म तापते, ८सीबी स्मेक्टिकमधून बाहेर जातो आणि गोठते ती नेमॅटिकची मोडलेली रचना. म्हणून दिवा लांब, वेळ जास्त, खाली थंड पट्टी. मोनोमरची निवडही विचारपूर्वक करावी लागते. निळी प्रावस्था बहुवारिकानं (पॉलिमरनं) पक्की करण्याच्या किकुची यांच्या २००२ च्या कामात आरएम२५७ बरोबर एथिलहेक्सिल ॲक्रिलेट होतं, जो अजिबात द्रवस्फटिकी नाही. असा परका मोनोमर रेणूंच्या रांगेत बसत नाही, तो थेट गाभ्यात जातो. त्यांना तेच हवं होतं. कण बसवायचे असतील तर हाच गुण अडचण होतो, कारण मोनोमर आकारानं लहान, संख्येनं प्रचंड आणि कणांच्या कितीतरी आधी गाभ्यात पोचलेला असतो. त्यामुळे एथिलहेक्सिल ॲक्रिलेट इथं वापरायचं नाही, आणि आरएम२५७ सुद्धा पाच टक्क्यांच्या खालीच ठेवायचं, जाळं थोडं लिबलिबीत राहिलं तरी चालेल.